पंप ओरडतोय! नवशिक्या जिप्सीवाल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

आधी पात्रता ठरवू, म्हणजे बाकीच्यांना चहाला जाता येईल. हे मार्गदर्शन मारुती जिप्सीवाल्यांसाठी आहे. त्यातही ज्यांची गाडी एमपीएफआय आहे, म्हणजे २००० सालापासून पुढची, त्यांच्यासाठी. गाडी एमएच-१३ पासिंगची असो किंवा लष्कराच्या लिलावातून चार मालक फिरून आलेली असो, हरकत नाही. तुम्ही स्वतः पुण्यात, हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीत असणं अपेक्षित आहे. गाडी मात्र जुळे सोलापुरात, आई-बाबांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली उभी हवी. ती हुरड्याला निघते, गड्ड्याच्या यात्रेत पाहुणे फिरवायला निघते आणि एरवी नुसतीच 'सुरू होतीय का बघू' म्हणून तिची चावी फिरवली जाते. अशीच चावी फिरवली आणि मागच्या सीटखालून घुंईऽऽ असा बारीक, थांबायचं नाव न घेणारा आवाज आला, तर पुढे वाचा.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या जिप्सीच्या टाकीत पंप नसतोच. तिचा पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला, कॅमशाफ्टच्या ढकलण्यावर चालणारा, आत रबरी पडदा असलेला. तो ओरडत नाही, मुकाट्याने मरतो. आणि महिंद्राची जुनी डिझेल जीप ज्यांच्याकडे आहे त्यांचा पंथच वेगळा. गाडीने हवा धरली की बॉनेट उघडायचं, नट सैल करायचा आणि फेस संपून नितळ डिझेल येईपर्यंत हाताने प्रायमर दाबत बसायचं. त्यांना मार्गदर्शनाची गरज नसते. ते रस्त्यात थांबून इतरांना करत असतात.

दिवस कोणता धरावा

पंचांग बघू नका, पाण्याचा दिवस बघा आणि तो टाळा. जुळे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या कोणालाही दुसरं काम सांगता येत नाही. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हौदाचा आहे.

आपल्याकडच्या बंगल्यांत हौद बहुधा पोर्चच्या खाली असतो आणि त्याचं लोखंडी झाकण नेमकं गाडीच्या मागच्या चाकाशी. जिप्सीची टाकीही मागेच, चॅसीला खालून. म्हणजे टाकी उतरवताना जे पेट्रोल सांडेल ते थेट हौदाच्या तोंडाशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्डा दिसला की त्यात उतरून बसते. हौद हा बंगल्यातला सगळ्यात खोल खड्डा. अशा वेळी नळ आला म्हणून आईने मोटरचं बटण दाबलं तर बटणातली एक बारीक ठिणगी पुरते. पुढचं वर्णन मी करत नाही.

म्हणून पहिली कृती: गाडी न्यूट्रलला टाका आणि ढकलून पोर्चच्या बाहेर, मोकळ्यावर घ्या. शेजारचा रिकामा प्लॉट उत्तम. जुळे सोलापुरात असा प्लॉट अजून प्रत्येक गल्लीत एखादा असतोच. जॅक मात्र मातीवर लावायचा नाही, खाली जाड फळी घ्यायची. पोर्चमधल्या घोटीव शहाबादी फरशीवरही लावायचा नाही, तिथे तो सरकतो. गाडीखाली जायचं तर लोखंडी स्टँड लावूनच. विटांवर गाडी ठेवणारे लोक असतात. त्यांचं मार्गदर्शन दुसऱ्या कोणीतरी करावं.

आवाज तुमच्याच गाडीचा आहे का?

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. नळ सुटला की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. २०२५ च्या जूनपासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही उडायला लागलं. त्यात कोणाच्या तरी गच्चीवर कुठलं तरी मशीन कायम चालू असतं. जिप्सी स्वतःही काही कमी नाही. हिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली, तिचा आवाज वेगळा. कापडी हूडचा वेगळा. मागच्या दाराचा वेगळा.

ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी फक्त 'ऑन'वर आणा. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो आणि थांबतो. हे बरोबर आहे, त्याला तसंच सांगितलेलं आहे. पाइपात दाब भरला की तो इंजिन सुरू व्हायची वाट बघतो. आता सेल्फ मारा. इंजिन सुरू झाल्यावर मागून येणारा आवाज चढा राहिला आणि ॲक्सिलरेटर दिला-सोडला तरी त्याचा सूर तोच राहिला, तर तो पंप. ॲक्सिलरेटरबरोबर सूर वर-खाली होत असेल तर पुढे अल्टरनेटरचं बेरिंग बघा. गाडी चालायला लागल्यावरच येत असेल तर चाकाचं बेरिंग. आणि फोर-व्हील टाकल्यावर येत असेल तर तो ट्रान्सफर केसचा. त्याचं काही करायचं नसतं.

सल्लागार मंडळ

बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत माणसं जमतात. बॉनेटचा काही संबंध नाही, पंप मागे आहे, पण ते उघडल्याशिवाय काम चालू झालं असं कोणाला वाटत नाही. "काय मालक, काय करलालाव?" इथून सुरुवात होते. मग "पंप गेलाय बे, नवीन टाक," असं सांगणारा एक असतो. "इकून टाक, जिमनी घे," असं सांगणारा एक असतो. जिमनी २०२३ च्या जूनपासून मिळते आणि तिच्यात एसी चालतो, हेही तो सांगतो. कोणी बिडी पेटवायला खिशात हात घातला तर त्याला मात्र हाताला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडा. आईने गाडीला ओवाळायला उदबत्ती आणली तर तीही परत घरात. ओवाळणं काम झाल्यावर.

या मंडळात एकच माणूस कामाचा असतो आणि तो सगळ्यात शेवटी बोलतो. साठी-सत्तरी ओलांडलेले, लक्ष्मी-विष्णू नाहीतर नरसिंग गिरजी मिलमध्ये फिटर म्हणून हयात गेलेले, मुलाने जुळे सोलापुरात बंगला बांधला म्हणून इकडे राहायला आलेले काका. शेकडो माग एका छताखाली खडखडत असताना त्यातल्या नेमक्या कुठल्या मागाचं बेरिंग बसलंय हे ओळखण्यात यांची नोकरी गेली. ते तुमच्याकडून लांब पेचकस मागून घेतील, त्याचं टोक टाकीच्या पत्र्याला टेकवतील आणि मुठीला कान लावतील. डोळे मिटलेले. सगळी गल्ली गप्प. मग म्हणतील, "बेरिंग घरघर करतं बाळ. हे घरघर नाही. हे उपाशी आहे."

हे वाक्य लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या कामाचा अर्थ त्यात आहे.

पंप ओरडतो म्हणजे काय

जिप्सीच्या टाकीत एक छोटी विजेची मोटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली असते. नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, पेट्रोलमध्ये वीज? भडकत कसं नाही? भडकायला हवा लागते. द्रव पेट्रोलात ती नसते, आणि बंद टाकीच्या वरच्या भागात पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला लागणारं हवेचं प्रमाण तिथे जमतच नाही. उलट पेट्रोल त्या मोटरच्या अंगातूनच वाहतं, तिला थंड ठेवतं आणि थोडंफार वंगणाचंही काम करतं. दाब साधारण अडीच ते तीन बार. पंपाच्या पायाशी एक बारीक जाळी असते, तिच्यातून गाळलेलं पेट्रोल आत येतं.

आता ही जाळी तुंबली, किंवा टाकीत पेट्रोलच बुडापर्यंत आलं, तर पंप ओढतो पण पुरेसं येत नाही. ओढण्याच्या बाजूचा दाब उतरतो आणि तिथलं पेट्रोल जागच्या जागी उकळून त्याचे बुडबुडे होतात. ते पंपाच्या आत गेले, दाब वाढला, की फुटतात. तो जो बारीक किंचाळणारा सूर येतो तो या फुटण्याचा.

जुळे सोलापूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे, त्यामुळे ती कोणी लावत नाही, आणि तिचा आवाज सगळ्यांना पाठ आहे. लाइनीत पाणी आहे तोवर मोटर जाड, भरल्या आवाजात चालते. शेजारच्याने त्याची चालू केली, लाइनीतलं पाणी आटलं, की तिचा सूर पातळ होत वर चढतो आणि स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "बंद कर रे, हवा ओढलालीय!" आईने मोटर बघितलेली नसते. तिला दिसायची गरजही नसते. आणि त्या आवाजावरून मोटर बदला असं ती कधी म्हणत नाही. पाणी गेलं असं म्हणते. जिप्सीच्या पंपाचं नेमकं हेच आहे. सोलापुरातल्या माणसाने ओरडणारा पंप थेट दुकानात जाऊन बदलावा, याचं म्हणून मला नवल वाटतं.

फुकटची कामं आधी

पेट्रोल किती आहे? जिप्सीची टाकी ४० लिटरची. काटा तळाला टेकला असेल तर आधी दहा-पंधरा लिटर कॅनमधून आणून ओता. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना रिझर्व्हवर गाडी चालवणारे पंपाचे खरे शत्रू. उरलेलं थोडं पेट्रोल तापतं, लवकर वाफ धरतं आणि पंपाला थंड ठेवायला काहीच राहत नाही. पेट्रोल ओतल्यावर आवाज बसला तर अभिनंदन, तुमचं काम संपलं, घरी जाऊन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खा.

आवाज तसाच असेल तर इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि पंप निवांत झाला, तर झाकणाची किंवा टाकीची हवा घ्यायची वाट बुजली आहे. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत येत नाही, मग टाकीत पोकळी होते आणि पंप तिच्याशी झगडत बसतो. नळी साफ करा, काम झालं.

पुढचा संशय विजेवर. मीटर घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते बघा आणि पंपाच्या कनेक्टरवर किती येतात ते बघा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त फरक पडला तर मधे कुठेतरी गंज आहे. बहुधा अर्थिंगच्या बोल्टखाली, जिथे चॅसीला वायर येते. बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, परत आवळा. नुसत्या पॉलिश पेपरच्या तुकड्यावर सुटलेले पंप कमी नाहीत.

एकदा गाडीखाली वाकून टाकीही बघून घ्या. हुरड्याला जाताना मंद्रूपच्या पुढे कुठल्या बांधावर दगड लागला होता, टाकीचा पत्रा आत गेला आणि पेट्रोलचा पाइप दबला, असं असू शकतं. त्याचं निदान होतं, पण ते घरी सांगता येत नाही.

लाइनीतला फिल्टर बदला. तो स्वस्त असतो आणि किती दिवसांत बदलला नाही हे कोणालाच आठवत नसतं.

आता टाकी उतरवावीच लागणार

एवढं करूनही आवाज कायम असेल तर जाळी नाहीतर पंप. दोन्हींसाठी टाकी खाली घ्यावी लागते. रविवार मोडतो हे गृहीत धरा. दहा, बारा, चौदाचे पाने, पक्कड, पेचकस, दोन जॅक, एक फायर एक्स्टिंग्विशर, तो नसेल तर दोन पाट्या कोरडी वाळू. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला चालत नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगत तरंगत आग पुढे नेतं.

पहिल्यांदा पाइपातला दाब सोडवायचा. इंजिन चालू ठेवा आणि पंपाचा फ्यूज किंवा रिले ओढून काढा. इंजिन चार श्वास घेईल आणि बंद पडेल. एकदा सेल्फ मारून खात्री करा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे न करता पाइप सोडलात तर तीन बारचं पेट्रोल थेट डोळ्यांत येतं.

टाकीतलं पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढायची नाही. आपल्याकडे हे पुरुषार्थाचं काम समजलं जातं, पण घशाखाली गेलेलं पेट्रोल छातीत उतरलं तर फुप्फुसं धरतात. चुकून गेलंच तर उलटी काढायला लावू नका, तसंच दवाखान्यात न्या. हाताने दाबायचा सायफन पंप मिळतो, तो वापरा, आणि पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये घ्या. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, ऑइलपेंटच्या प्लास्टिक बादल्या, आईचा जुना हंडा यांतलं काही नको. भरलेल्या टाकीत ४० लिटर म्हणजे तीसेक किलो नुसतं पेट्रोलच असतं, ते छातीवर घेऊन उतरवण्याची हौस नसावी.

मग टाकीखाली फळी देऊन दुसरा जॅक लावा, भरायच्या तोंडाची मोठी नळी सोडा, हवेच्या बारीक नळ्या सोडा, वायरचा कनेक्टर सोडा, आणि टाकी ज्या पट्ट्या-बोल्टांवर आहे ते सैल करत जॅक हळूहळू खाली घ्या. नळ्या कुठून कुठे गेल्या होत्या त्याचे फोटो काढून ठेवा. 'लक्षात राहील' असं वाटतं. राहत नाही.

टाकी खाली आली की लगेच पंप उघडायचा नाही. टाकीच्या वरच्या अंगावर, पंपाच्या गोल झाकणाभोवती, दक्षिण सोलापूर तालुक्याची काळी माती वाळून पापुद्रे झालेली असते. झाकण काढलंत की ती सगळी आत. ब्रशने, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसा. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून सैल करा आणि पंप हळूच तिरपा करून वर घ्या.

आता जाळी उन्हात धरून बघा. मूळची पांढरट असते. ही विटकरी झालेली असेल, बोट फिरवलं तर बोटावर बारीक लाल पूड येईल, आणि जाळीच्या खोलगट भागात जेलीसारखा पिवळट थर. कॅनमधल्या पेट्रोलच्या तळाशी टॉर्चने बघितलं तर पाण्याचे थेंब वेगळे पळताना दिसतील. टॉर्च म्हणजे बॅटरीवरची एलईडी. वायरला लोंबकळणारा पिवळा बल्ब आणाल तर आधी वरचा बिडीचा परिच्छेद पुन्हा वाचा.

हे सगळं आत आलं कुठून? थोडं ताडपत्रीखालून, आणि बरंचसं उसातून. २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर सरसकट झालं. म्हणजे तुम्ही भरता त्या दर पाच लिटरांत लिटरभर इथेनॉल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? ते इथेनॉल आपल्याच एखाद्या भाऊबंदाच्या फडातलंही असू शकतं. पण इथेनॉलचे दोन गुण जुन्या जिप्सीला मानवत नाहीत. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पत्र्याला चिकटलेला जुना मळ सोडवतं. गाडी रोज चालत असेल तर हे सगळं थोडं थोडं जळून जातं. सहा महिने उभी असेल तर अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीचं दव धरतं, पत्रा गंजतो, इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं आणि चावी फिरवल्यावर पहिला घोट पंपाला त्याचाच मिळतो. जुन्या रबरी नळ्याही त्यात फुगून मऊ पडतात.

पंपाची चूक कुठे आहे यात? तो एकटाच बोलला, एवढंच.

पंप बदलायचा की जाळी?

टाकी निम्मी उघडून झाल्यावर जाळी नवीन टाकायचीच. पंप जर बरीच वर्षं उपाशी चालला असेल तर आतून झिजलेला असतो, आणि एकदा उतरवलेली टाकी पुन्हा उतरवायची कोणाची इच्छा नसते, म्हणून तोही बदलतात. हिशेबाने ते बरोबर आहे. फक्त जाळी न बदलता, टाकी न धुता नुसता नवा पंप टाकणं म्हणजे तोच आवाज चार महिन्यांनी परत ऐकणं; आणि मिस्त्री लोकांचा बराचसा धंदा याच चार महिन्यांवर चालतो.

जिप्सीचं उत्पादन सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी थांबून आता काही वर्षं झाली, तेव्हा पार्ट घेताना डोळे उघडे ठेवा. जुना पंप बरोबर न्या. खोक्यावरचं नाव बघून नाही, पंप हातात घेऊन तोंडाची जाडी, कनेक्टर आणि उंची जुळवून बघा. वजनाला फुलासारखा हलका लागला तर परत ठेवा. दुकानदार "ओरिजिनलच आहे मालक" म्हणेल. त्याने दुसरं काय म्हणावं?

टाकी आतून धुताना थोडं चांगलं पेट्रोल घालून हलवा आणि ओता, पूड यायची थांबेपर्यंत. पाण्याने धुवायची नाही.

बसवताना तीन गोष्टी. पंपाला जोडलेला टाकीच्या आतला छोटा पाइप नेहमीच्या पेट्रोल पाइपचा तुकडा नसावा. तो बाहेरून पेट्रोल सहन करायला केलेलाच नसतो, बुडवून ठेवला की मऊ होऊन क्लिपमधून निसटतो. बुडवून चालणारा पाइप वेगळा मिळतो, तोच मागा. दुसरं, झाकणाखालची रबरी रिंग नवीनच. जुनी 'अजून चांगली आहे' म्हणून परत लावली की गाडीत कायम पेट्रोलचा वास राहतो आणि पाहुणे हुरड्याला स्कॉर्पिओतून जातात. तिसरं, पंपाच्या दोन वायरी. प्लस-मायनस उलट झाले तर पंप उलटा फिरतो. आवाज येतो, दाब येत नाही. तेवढ्यात मंडळातला पहिला गृहस्थ "डुप्लिकेट दिला बे तुला" म्हणून दुकानदारावर घसरतो. आधी वायरी बघा.

नवा पंप फिरतोय का हे बघायला बाहेर कोरडाच बॅटरीला लावायचा नाही. कोरडा फिरला की पहिल्या मिनिटातच त्याचं आयुष्य कमी होतं.

टाकी चढवा, नळ्या फोटोप्रमाणे जोडा, निदान पंधरा लिटर ताजं पेट्रोल घाला, बॅटरी जोडा. सेल्फ मारण्याआधी चावी ऑन-ऑफ अशी चार-पाच वेळा करा. दर वेळी पंप दोन-तीन सेकंद गुणगुणेल आणि पाइप भरत जाईल. तेवढ्यात गाडीखाली डोकं घालून प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कोरडा हवा. मग सेल्फ. मग आईची उदबत्ती.

काढलेलं जुनं पेट्रोल गटारात ओतू नका आणि झाडाच्या मुळाशी तर अजिबात नको. गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला द्या, तो आनंदाने घेईल.

चाचणी

विजापूर रोडने सैफुल, सोरेगाव करत मंद्रूपच्या दिशेने निघा. वेळ असेल तर पुढे हत्तरसंग कुडलपर्यंत जा, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख बघून घ्या. नदीकाठच्या मळ्यातून जाणाऱ्या वाटेला फोर-व्हील टाकायची सोय आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या सीनेच्या पुराने त्या भागातल्या वाटांचं काय केलं ते तिथल्या माणसांना विचारूनच गाडी खाली उतरवा. चढावर इंजिनाने दम टाकला नाही, टाकीपाशी वास नाही, मागून नुसती बारीक गुणगुण आली, तर काम जमलं. ट्रान्सफर केस आता स्पष्ट ऐकू येईल. त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

राहिला मूळ रोग: उभी गाडी. रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला जाण्याआधी टाकी भरून जा, नोझलचा खटका पडेपर्यंत. भरल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणजे ओलावाही कमी. काठोकाठ मात्र नको, सोलापूरच्या उन्हात पेट्रोल फुगतं. आणि बाबांना सांगा, दर आठवड्याला गाडी काढायची, निदान आसरा चौकापर्यंत जाऊन यायचं. ते म्हणतील, क्लच जड आहे. स्टिअरिंगही जड आहे, पॉवर नाही. या वयात कोण ओढणार, मी स्कूटीवरच बरा. वाद घालू नका, चावी खिळ्याला अडकवून निघा. पुढच्या खेपेला काटा निम्म्यावर आलेला दिसेल आणि मागच्या सीटवर हुरड्याचा भुसा सापडेल. आई चहा ठेवत असेल. विचारायचं नाही.